सुभेदाराचा नैवेद्य

गावाच्या वेशीपाशी मी गाडीतून उतरले ती हातात काठी घेऊनच. परकं कुत्रं गावात न्यायचं म्हणजे आधी गावच्या कुत्र्यांशी गाठ पडते, हे मला माहेरापासून ठाऊक. ती चारी बाजूंनी धावून येतात, भुंकून रान उठवतात, हुंगतात, एखादा चावा काढतात आणि मग कुठे पाहुण्याला आत सोडतात. सुभेदारालाही ते कळलं असावं. माझ्या पायाला चिकटून, शेपटी ताठ करून तो उभा राहिला. तपकिरी रंगाचं साधं गावठी कुत्रं. पण तोंडावर पांढऱ्या झुबकेदार मिशा. म्हणून ह्यांनी त्याचं नाव सुभेदार ठेवलेलं.

आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. कोणी आलं नाही.

"बघ आई, किती शांत आहे इथं," शेखर म्हणाला. शेखर म्हणजे माझा मुलगा. शांततेतलं आपल्याला काही कळतं, असा त्याचा समज होता.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. त्या वर्षी ज्येष्ठात हे गेले होते. बिबवेवाडीच्या आमच्या घरात मी, शेखर, माझी सून मंजिरी आणि सुभेदार असे चौघं उरलो होतो. मंजिरीला दिवस गेले आणि तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं की कुत्र्याच्या केसांनी बाळाला दमा होतो. त्या दिवसापासून सुभेदार खोलीत आला की ती नाकाला पदर लावायची. मग एका रविवारी शेखर माझ्या शेजारी येऊन बसला, खांद्यावर हात ठेवला. हा मुलगा खांद्यावर हात ठेवतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, हे मी तो पाच वर्षांचा असल्यापासून ओळखते.

"आई, तुला हवापालट हवा. मंजिरीचे चुलते आबासाहेब पिंपळदऱ्याला असतात, कऱ्हेच्या काठी. मळ्यात त्यांची वेगळी खोली आहे. तू एकटी राहा, कोणाची कटकट नको. सुभेदारला ने सोबतीला. चंपाषष्ठीला त्यांच्याकडे जेवण असतं, तेव्हा आम्ही येऊ आणि तुला घेऊन येऊ."

"आणि सुभेदारला?"

"त्याला तिथंच ठेवू म्हणतो. शेतावर मोकळा राहील बिचारा."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आमच्या घरात याला होकार समजत.

आबासाहेब दारातच उभे होते. धोतर, जाकीट, सोन्याची साखळी, आणि कपाळावर भंडारा इतका की पापण्यांवर सांडलेला. त्यांच्यामागे त्यांची लांबलचक पोल्ट्री, पत्र्याची. वास तर वेशीपासूनच सोबत आला होता.

"या विहीणबाई, या! प्रवास बरा झाला नव्हं? फक्त ते कुत्रं ओसरीवर घेऊ नका. देवाचे घट बसलेत."

"नाही घेत."

"गैरसमज नको. आम्ही मल्हारीची माणसं. आमच्यात कुत्रं म्हणजे देवाचा सेवक. त्याला आम्ही दगड मारत नाही."

"पण ओसरीवर घेत नाही."

"ते निराळं," आबासाहेब म्हणाले आणि प्रसन्न हसले. "त्याची पण सोय केलीय. पोल्ट्रीच्या दाराशी खुंटा ठोकलाय, साखळी आणलीय. राखणीला उपयोग होईल."

मी शेखरकडे पाहिलं. मोकळा राहील म्हणालेला माझा मुलगा आभाळाकडे बघत होता. आभाळात काही नव्हतं.

"मी आहे तोवर तो माझ्याजवळ झोपेल," मी म्हटलं.

खोली मळ्याच्या टोकाला, विहिरीजवळ. चार दिवसांच्या पाहुणीसाठी त्यांनी ती नव्यानं रंगवली होती. कॉट, कपाट, रॉकेलचा स्टोव्ह, कडेला नवी बांधलेली मोरी. श्रीमंत माणसाला स्वस्तात काही करताच येत नाही, असं मनात आलं. बॅग मंजिरीनं भरली होती. उघडून पाहते तो मार्गशीर्षाच्या थंडीत उन्हाळ्यातल्या सुती साड्या, माझं पोथीचं बासन, ह्यांचा फोटो, आणि दोन शाली. बॅग भरायचीही अक्कल नाही पोरीला, म्हणून मी सुभेदाराजवळ बरीच बडबड केली. त्यानं ऐकून घेतली. तो नेहमीच ऐकून घ्यायचा. घरात तेवढाच एक.

शेखर चहा पिऊन गेला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की एकटं असणं म्हणजे काय. लग्नाआधी मी सात भावंडांत झोपले, लग्नानंतर सासूसासऱ्यांच्या पायथ्याशी. एकटीसाठी चहाचं आधण मी कधी ठेवलं नव्हतं. इथं सकाळी नदीवर धुकं असायचं. सुभेदार त्यात शिरायचा आणि दिसेनासा व्हायचा. मग एकदम बगळ्यांचा थवा उडायचा आणि त्यामागून भिजलेला, आनंदानं वेडा झालेला सुभेदार बाहेर यायचा. एक बगळा म्हणून त्याला मिळाला नाही. त्याची त्याला लाजही वाटली नाही. आम्ही बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे खायचो. मी ह्यांच्याबद्दल बोलायचे, मोठ्यानं. कोणी "आई, झालं आता, विसर" असं म्हणणारं नव्हतं. ऊन पाठीवर यायचं आणि मला चक्क सुख व्हायचं. पन्नाशी उलटलेल्या विधवेला असं होणं बरं नव्हे, असं तेव्हा लोक म्हणत. लोक पुष्कळ म्हणतात.

त्या सुखात रोज संध्याकाळी आबासाहेब भंडारा उधळायला यायचे. म्हणजे दारात खुर्ची टाकून स्वतःची भक्ती सांगायचे. देवाला चांदीचे टाक कसे केले, जेजुरीला पायरीची दुरुस्ती कशी केली, षष्ठीला सगळी भावकी त्यांच्याच घरी कशी जेवते.

"आणि आमच्याकडं नेम कडक. तळी भरली, देवाला नैवेद्य दाखवला, की पहिला घास कुत्र्याला. कुत्रं जेवल्याशिवाय माणसाचं पान वाढत नाहीत. माझ्या आज्यापासून मोडलेलं नाही."

"छान," मी म्हणायचे. सुभेदार त्यांच्याकडे पाठ करून झोपायचा. मला तसं करता येत नसे.

त्यांची बायको हौसाबाई मला जेवणाचा डबा आणून द्यायची. सहा दिवसांचा उपास धरलेली, वाळकी, खाली बघून बोलणारी बाई. पहिल्याच दिवशी ती माझ्याशी दोन गोष्टी बोलली.

"विहीणबाई, करमेल ना तुम्हाला इथं?"

"चार दिवसांचं काय करमायचंय?"

तिनं पदर सारखा केला. मग सुभेदाराकडे बघून म्हणाली, "ह्याला तुमच्याच हातचं घाला बरं का. बाहेर पडलेलं काही खाऊ देऊ नका."

मला वाटलं, सोवळ्यातलीच काही भानगड.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी दुपारी मी विहिरीवर धुणं धूत होते. सुभेदार पोल्ट्रीच्या मागच्या कुंपणाशी काहीतरी हुंगत होता. एवढ्यात हौसाबाई किंचाळली. त्या बाईच्या अंगात इतका आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. शेणाची पाटी तिथंच टाकून ती धावली, सुभेदाराच्या तोंडावर तिनं फटका मारला आणि त्याचा जबडा दोन्ही हातांनी फाकवून आत बोटं घातली. तो चावला असता तरी तिनं सोडलं नसतं. तिच्या हातात आली ती कणकेची गोळी, वाळून दगड झालेली.

"गिळली नाही," ती म्हणाली आणि तिथंच मातीत बसली. "एकच राहिली असंल. मी सगळ्या वेचल्या होत्या. देवा, मी सगळ्या वेचल्या होत्या."

मी ओल्या हातांनी तिच्याजवळ बसले. "हौसाबाई, गावातली कुत्री कुठं आहेत?"

तिनं कुंपणापलीकडच्या मातीच्या ढिगाकडे नुसती मान केली.

दिवाळीनंतर कुत्र्यांनी पोल्ट्रीची जाळी फोडली होती, कोंबड्या नेल्या होत्या. आबासाहेबांनी दगड मारला नाही. त्यांच्यात मारत नाहीत. त्यांनी कणकेत औषध कालवलं आणि गोळ्या कुंपणाच्या कडेनं ठेवल्या. वाडीतली लहानमोठी सगळी कुत्री गेली. भावकीला सांगितलं, कुत्र्यांत रोग आला.

"कणीक कोणी मळली?"

"मला सांगितलं कोंबड्यांना घालायची," हौसाबाई म्हणाली. "मळून झाल्यावर कळलं." थोड्या वेळानं म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, विहीणबाई. मला इथंच राहायचंय."

"नाही घेणार."

"आणि ह्याला ठेवू नका इथं."

ते तिनं सांगायची गरज नव्हती. मी धुणं ओलंच बॅगेत भरलं. उद्या शेखर आला की त्याच गाडीनं सुभेदाराला घेऊन परत जायचं. मंजिरीला काय म्हणायचं ते म्हणू दे.

षष्ठीला सकाळपासून वाडीत भरिताच्या वांग्यांचा खमंग वास सुटला होता. अंगणात भावकी जमली. शेखर आणि मंजिरीही आली. मंजिरीनं मला वाकून नमस्कार केला, म्हणजे नक्की काहीतरी हवं होतं. पाच पुरुषांनी तळीचं ताट उचललं, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला, सगळ्यांची डोकी पिवळी झाली. देवाला बाजरीचे रोडगे, भरीत, पातीचा कांदा यांचा नैवेद्य दाखवला. मग आबासाहेब ताट घेऊन मोठ्या ऐटीत अंगणाबाहेर आले आणि "यू, यू" करून हाका मारू लागले.

मला ते दृश्य अजून दिसतं. दरवर्षी त्या हाकेसरशी डझनभर कुत्री धावत येत असतील. माणूस सवयीनं उभा राहिला होता. त्याला खरोखरच आठवलं नव्हतं. गोळ्या घालताना षष्ठी डोक्यात नव्हती आणि षष्ठीला गोळ्या डोक्यात नव्हत्या.

"यू, यू, यू."

भावकीतले म्हातारे बापू खाटेवरून म्हणाले, "आबा, कुणाला बोलावतोयस? रोगात गेली ना सगळी?"

आबासाहेबांचा चेहरा भंडाऱ्याखाली पांढरा पडला. दोन गडी शेजारच्या वाडीला पळवले. ते हात हलवत परतले. तिथली कुत्रीही आबासाहेबांच्या कुंपणापर्यंत हुंगत येत असत. पोरं भुकेनं रडायला लागली. पत्रावळ्या मांडलेल्या, भरीत गार होतंय आणि कोणाला घास उचलता येत नाही.

मी सुभेदाराला घेऊन अंगणाबाहेर कडेला उभी होते. मग आबासाहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. खरं तर माझ्या पायाशी.

ताट दोन्ही हातांनी धरून ते माझ्यापर्यंत आले. मागून सगळी भावकी. ज्याला ओसरी बंद होती त्याच्यासमोर त्यांनी गुडघे टेकले.

"या खंडेराया," आबासाहेब सुभेदाराला म्हणाले, "गोड मानून घ्या."

सुभेदार उठला. वांग्याचं भरीत त्याला फार आवडायचं. मी त्याच्या गळ्यातला पट्टा धरला.

"विहीणबाई, सोडा त्याला. माणसं खोळंबलीत."

"सोडते. आधी तुम्ही ह्यातला एक घास खा."

"मी?" ते हसले. "अहो, नैवेद्य आहे. मी खाल्ला तर उष्टा होईल."

"होऊ दे. तुमच्या वाडीत कुत्र्यांच्या तोंडी पडलेलं त्यांना मानवत नाही, असं दिसतंय. माझ्याजवळ हे एकच आहे. तुम्ही आधी खा, मग तो खाईल."

आबासाहेब ताट धरून गुडघ्यावर तसेच. खावं तर आज्यापासूनचा नेम मोडला. न खावं तर का खात नाही, हे सगळी भावकी बघत होती. ताटात काही नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण तोंडातून ते निघेना.

"आबा," बापू सावकाश म्हणाले, "त्या काय म्हणतायत? कसला रोग होता रं?"

"आई, काय चाललंय हे?" शेखर पुढे आला. "कुत्र्यासाठी तमाशा करतेस?"

"हो. तू जरा बाजूला हो, मला आबासाहेब दिसत नाहीत."

तेवढ्यात हौसाबाई गर्दीतून आली. डोक्यावरचा पदर नीट केलेला, सहा दिवसांच्या उपासानं ओठ सुकलेले. नवऱ्याच्या हातातल्या ताटातून तिनं रोडग्याचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला. सावकाश चावून. माझ्या हातून पट्टा सुटलाच.

"अन्न चांगलं आहे," ती बापूंना म्हणाली. "अन्नात काही नाही. गोळ्यांत होतं. कणीक माझ्या हातची, औषध ह्यांच्या. पोल्ट्रीमागं पुरलीत सगळी."

मग तिनं दुसरा तुकडा मोडला आणि तळहातावर ठेवून सुभेदारापुढे धरला. त्यानं तिचा हात चाटून पुसून स्वच्छ केला. ताटही केलं. मला उगीच वाटत होतं, एवढं झाल्यावर त्यानं तोंड फिरवावं. पण ते कुत्रं होतं. त्याला आबासाहेबांचा राग यायला वेळ नव्हता.

"नैवेद्य झाला," हौसाबाई म्हणाली. "वाढू का पानं?"

बापूंनी खाटेखालच्या वहाणा पायात घातल्या. "मला जरा पंपावर जायचंय, आबा," ते म्हणाले. दुसऱ्याला बैलाला पाणी दाखवायचं आठवलं. तिसऱ्यानं तर काही सांगितलंही नाही, नुसतं रडतं पोर खांद्यावर टाकलं. थोड्याच वेळात अंगणात पत्रावळ्या राहिल्या आणि भरिताचं पातेलं.

आबासाहेब ताट घेऊन उठले. आता त्यांना कंठ फुटला.

"कुत्र्यापायी माझ्या घरचं अन्न भावकीनं टाकलं! आणि असल्या बाईला मी जन्मभर ठेवून घ्यायला निघालो होतो!"

"कुणाला?"

"तुम्हाला! मग खोली काय कुत्र्यासाठी रंगवली? मोरी कुणासाठी बांधली? पोराच्या शब्दाखातर कबूल झालो मी!"

मला सुती साड्या आठवल्या. ह्यांचा फोटो. मंजिरीनं बॅग अगदी व्यवस्थित भरली होती.

मी शेखरकडे वळले. तो बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

"आई, आज बोलणारच होतो मी. जेवण झाल्यावर."

"पोट भरल्यावर."

"तसं नाही गं. तुला इथं आवडलंय असं आबासाहेबांनी कळवलं होतं. बाळ झाल्यावर आपलं घर लहान पडणार. आणि सुभेदारही इथंच असता तुझ्याजवळ. तुझाच विचार केला."

"मोकळी हवा आहे, आई," मंजिरी नाकाला पदर लावून म्हणाली.

ह्या दोघांवर चिडायचंसुद्धा माझ्या मनात आलं नाही. चिडायला समोर कोणीतरी लागतं. मी पोल्ट्रीच्या दाराकडे पाहिलं. तिथं नवीकोरी साखळी उन्हात चमकत होती.

"आबासाहेब," मी म्हटलं, "खुंटा एकच ठोकलात?"

त्यांना ते कळलं नाही. शेखरला कळलं. त्याचे कान लाल झाले, लहानपणीही व्हायचे.

मी बॅग आणली. हौसाबाई पातेल्याजवळ एकटी बसून जेवत होती. सहा दिवसांची भूक. ती सावकाश, मन लावून जेवत होती आणि नवरा दारातून काय ओरडतोय तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मला बघून तिनं खरकटा हात तसाच कपाळाला नेऊन नमस्कार केला.

"येता का माझ्याबरोबर?" मी विचारलं. मी अगदी मनापासून विचारलं होतं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता मला इथं राहायला कशाची भीती आहे?"

गाडीत सुभेदार माझ्या मांडीवर डोकं ठेवून मागच्या सीटवर आडवा झाला. मंजिरी पुढे. घाट लागला. भरीत खाल्लेलं कुत्रं बंद गाडीत काय करतं ते त्यानं केलं आणि मंजिरीनं घाईघाईनं काच खाली केली. मोकळी हवा आत आली.

"शेखर," मी म्हटलं, "बिबवेवाडीचं घर माझ्या नावावर आहे. ह्यांनी जायच्या आधीच करून ठेवलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, कशाला उगीच. तुम्ही दुसरी जागा बघा. महिनाभर देते."

त्यानं गाडी कडेला घेतली, थांबवली. मागे वळून बघायचा धीर त्याला झाला नाही. आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला,

"आई, मंजिरीला पाचवा महिना आहे."

"म्हणून तर महिना दिला," मी म्हटलं. "चल, गाडी काढ. सुभेदारला घरी जायचंय."